तुल्यबळ लढतीचा प्रश्न : ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांतील संघसामन्यांची व्यवस्था (१९७८–२०२४)

१. प्रश्नाचे स्वरूप

कुस्तीच्या फडात दोन मल्ल समोरासमोर उभे करण्यापूर्वी त्यांची जोड पाहिली जाते. वजन, वय आणि तयारी यांत फार तफावत असेल तर जाणता पंच ती कुस्ती लावीत नाही. ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला आहे तीत हरणाऱ्याचे नुकसान तर होतेच, पण जिंकणाऱ्याचाही मान राहत नाही. जोड लावण्याचा हाच प्रश्न गेल्या साडेचार दशकांत एका सर्वस्वी नव्या क्षेत्रात उपस्थित झाला. ते क्षेत्र म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर हजारो लोकांनी एकाच वेळी खेळावयाचे भूमिकाप्रधान खेळ होत.

या खेळांत खेळाडू एका कल्पित जगात योद्धा, मांत्रिक, वैद्य अशा एखाद्या पात्राची भूमिका घेतो. राक्षसांशी लढून आणि सोपवलेल्या कामगिऱ्या पार पाडून ते पात्र पातळीमागून पातळी चढते, आणि त्याच्यापाशी शस्त्रे, चिलखते व विद्या यांचा संचय होतो. खेळाडू उठून गेला तरी ते जग चालूच राहते, आणि तो परत येतो तेव्हा त्याची कमाई जशीच्या तशी त्याच्या हाती असते. बुद्धिबळाचा प्रत्येक डाव सोळा-सोळा मोहऱ्यांनी सुरू होतो. काल जिंकलेल्याला आज सतरावे मोहरे मिळत नाही. भूमिकाप्रधान खेळात ते सतरावे मोहरे मिळते, आणि ते मिळावे म्हणूनच तो खेळला जातो. अशा दोन पात्रांचा, किंवा पात्रांच्या दोन संघांचा, सामना लावावयाचा झाला की खेळाचा मूळ धर्म आणि सामन्याचा धर्म परस्परविरोधी ठरतात. खेळ विषमता निर्माण करतो, तर सामन्याला समता हवी असते.

हा विरोध मिटवण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत एक सूत्र दिसून येते. न्याय्य सामना घडवण्यासाठी व्यवस्थापकांना दर वेळी त्या जगातील काही ना काही सामन्याच्या दाराबाहेर ठेवावे लागले. प्रथम जबरदस्ती बाहेर ठेवली गेली, मग संख्याबळ, मग संपत्ती, मग पक्षनिष्ठा आणि शेवटी सोबत. आणि जे बाहेर ठेवले गेले त्यातील बरेचसे खेळाडूंनी पुन्हा मागितले. प्रस्तुत निबंधात या क्रमाचाच मागोवा घेतला आहे.

२. संमतीचा प्रश्न : १९७८ ते २०००

या परंपरेचा आरंभ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. तेथील विद्यार्थी रॉय ट्रबशॉ याने १९७८ मध्ये 'मल्टि-यूजर डंजन', संक्षेपाने 'मड', हा केवळ शब्दांतून खेळावयाचा खेळ रचण्यास प्रारंभ केला, आणि १९८० पासून रिचर्ड बार्टल याने ते काम पुढे चालवले. 'मड'मध्ये एक खेळाडू दुसऱ्यावर शस्त्र उचलू शकत असे, आणि अशा लढतीत मेलेले पात्र कायमचे नष्ट होई. येथे सामना असा नव्हताच. होते ते केवळ भय. पुढे १९९६ मध्ये बार्टलने आपल्या प्रसिद्ध निबंधात खेळाडूंचे चार वर्ग पाडले : संपादन करणारे, शोध घेणारे, स्नेहसंबंध जोडणारे आणि इतरांना मारण्यात आनंद मानणारे. चौथ्या वर्गाचे बळ वाढले की पहिला व तिसरा वर्ग खेळ सोडून जातो, हे त्याच्या विवेचनातील एक महत्त्वाचे अंग होते.

या निरीक्षणाची मोठ्या प्रमाणावरील परीक्षा सप्टेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'ने पाहिली. या खेळाचे पुढे काय होणार याची चाहूल प्रसिद्धीपूर्वीच लागली होती. ऑगस्ट १९९७ मधील चाचणीच्या वेळी खेळाचा जनक रिचर्ड गॅरियट हा 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या भूमिकेत प्रजेसमोर आला असता एका खेळाडूने अग्निमंत्राने त्याला ठार केले. राजा अवध्य राहावा अशी योजना होती, परंतु सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर ती लागू करण्याचे राहून गेले होते. राजाची ही गत, तर नवागत प्रजाजनांची काय झाली असेल याची कल्पना करता येते. नगराच्या सीमेबाहेर पाऊल टाकताच टोळ्या त्यांना गाठीत आणि लुटीत.

व्यवस्थापकांनी आरंभी समाजानेच आपला न्याय करावा असा मार्ग धरला. खुनी पात्राचे नाव लाल दिसे, त्याच्या शिरावर बक्षीस लागे, आणि नगरातील रक्षक त्याला पाहताच मारीत. परंतु लालनाम्यांच्या टोळ्या संघटित होत्या आणि त्यांचे भक्ष्य एकटे होते, त्यामुळे दंडाचा धाक पुरेसा ठरला नाही. अखेर २००० मध्ये 'रेनेसान्स' या आवृत्तीत जगाचेच दोन भाग करण्यात आले. त्यांना त्या जगाच्या दोन चंद्रांची, फेलुका आणि ट्रॅमेल यांची, नावे देण्यात आली. फेलुकात जुना कायदा चालू राहिला. ट्रॅमेलमध्ये संमतीवाचून कोणी कोणावर शस्त्र चालवू शकत नसे. मात्र दोन मंडळांनी एकमेकांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारले असेल तर त्यांच्या सभासदांना तेथेही लढण्याची मुभा होती. बहुसंख्य खेळाडूंनी ट्रॅमेलच जवळ केले. मार्च १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'ने हीच विभागणी निराळ्या रीतीने केली होती. तेथे खेळाडूंमधील लढाईसाठी 'रॅलोस झेक'सारखे वेगळे सर्व्हर राखून ठेवले होते आणि अन्यत्र तिला जवळजवळ मज्जाव होता.

या पहिल्या टप्प्याचे फलित म्हणजे संमतीचे तत्त्व होय. ज्याने लढण्यास होकार दिला नाही त्याच्याशी झालेली लढत सामना म्हणवून घेण्यास पात्र नाही, हे येथे मान्य झाले. परंतु संमती मिळाल्याने बळ समान होत नाही. पुढील प्रश्न संख्येचा होता.

३. तीन राज्ये आणि आठांची टोळी

ऑक्टोबर २००१ मध्ये मिथिक एंटरटेनमेंट या संस्थेने 'डार्क एज ऑफ कॅमेलॉट' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात आल्बियन, मिडगार्ड आणि हायबर्निया ही तीन राज्ये सीमाप्रदेशातील किल्ल्यांसाठी सदैव झगडत. आपल्या राज्यात खेळाडू निर्धास्त असे आणि सीमा ओलांडणे हीच त्याची लढाईला संमती समजली जाई. पक्ष दोन न ठेवता तीन ठेवण्यात एक राजकीय शहाणपण होते. दोन पक्षांत एक बलवत्तर झाला तर दुसऱ्याला उपाय उरत नाही. तीन असतील तर दोन दुबळे मिळून बलिष्ठाला आवरू शकतात. येथे समता प्रत्येक लढतीत नव्हती; दीर्घकालीन तोल मात्र अपेक्षित होता. सोबत नवख्यांसाठी पातळीची मर्यादा घातलेली छोटी रणांगणेही निर्माण करण्यात आली. उदाहरणार्थ, 'थिड्रांकी'त पातळी २० ते २४ यांमधील पात्रांनाच प्रवेश असे.

तथापि या खेळाचे सर्वांत लक्षणीय योगदान व्यवस्थापकांचे नव्हते. खेळात एका गटात जास्तीत जास्त आठ जण असत. सीमाप्रदेशात फिरणाऱ्या कसलेल्या गटांना शेकडोंच्या झुंडीने मिळवलेल्या विजयात गोडी वाटेना. त्यांच्यामध्ये हळूहळू एक अलिखित आचार रूढ झाला : आठांनी आठांशीच लढावे, दोन गट भिडले असता तिसऱ्याने मध्ये पडू नये, कोणी आपल्याच राज्याचा हरत असला तरी त्या लढतीत हात घालू नये. असा हात घालण्याला त्यांच्या बोलीत 'ॲडिंग' असे तिरस्कारदर्शक नाव होते. शत्रुराज्याच्या खेळाडूशी संभाषण करण्याची सोय खेळात नसताना हा संकेत रूढ व्हावा, हे विशेष होय. अर्थात् तो सर्वांना बंधनकारक नव्हता. किल्ला राखण्यासाठी धावणाऱ्या सामान्य सैनिकाला आपल्याच राज्याच्या माणसाने मदत नाकारणे हा द्रोह वाटे. राज्याशी निष्ठा आणि लढतीशी निष्ठा यांतील हा संघर्ष पुढील सर्व व्यवस्थांत निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा प्रकटला.

४. संख्येची समता आणि तिच्या मर्यादा

नोव्हेंबर २००४ मध्ये ब्लिझर्ड एंटरटेनमेंटचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' प्रसिद्ध झाला. त्यात अलायन्स आणि होर्ड हे दोनच पक्ष होते. एप्रिल २००५ मध्ये प्रतिपक्षीयांना मारण्याबद्दल मान व पदव्या देण्याची पद्धत सुरू झाली, परंतु लढण्याचे ठरावीक स्थळ नव्हते. परिणामी साउथशोर आणि टॅरेन मिल या दोन शेजारच्या गावांमधील माळावर रात्रंदिवस झुंडी एकमेकींवर आदळू लागल्या. जिकडे गर्दी अधिक तिकडे जय, असा तेथला सरळ हिशेब होता.

जून २००५ मध्ये आलेल्या 'रणांगणां'नी ही स्थिती पालटली. वॉरसाँग गल्चमध्ये दहा विरुद्ध दहा, अल्टरॅक व्हॅलीत चाळीस विरुद्ध चाळीस, आणि त्याच वर्षी पुढे आलेल्या अराथी बेसिनमध्ये पंधरा विरुद्ध पंधरा अशी संख्या निश्चित झाली. खेळाडूने रांगेत नाव नोंदवावे आणि दोन्ही बाजू भरल्या की यंत्राने सामना उघडावा, अशी ही रीत होती. पात्रांची विभागणी दहा-दहा पातळ्यांच्या गटांत केलेली असे. सामना जगापासून अलग काढलेल्या स्वतंत्र आवारात होई, त्यामुळे तिसऱ्याने मध्ये पडण्याची शक्यताच उरली नाही. कॅमेलॉटमधील खेळाडूंनी संकेताने साधलेली गोष्ट येथे भिंत बांधून साधण्यात आली.

संख्या समान होताच विषमतेची इतर रूपे उघडी पडली. पहिले रूप रांगेचे होते. दोन्ही बाजूंना समान माणसे हवीत, पण एखाद्या सर्व्हरवर एका पक्षाचे लोक अधिक असतील तर त्या पक्षाला तासन् तास तिष्ठावे लागे. म्हणजे सामन्यातील समतेची किंमत दारातील प्रतीक्षेने चुकवली जाई. ऑगस्ट २००६ मध्ये अनेक सर्व्हरांच्या रांगा एकत्र करून हा भार हलका करण्यात आला. परंतु त्यामुळे रोजचा ओळखीचा प्रतिस्पर्धी नाहीसा होऊन त्याच्या जागी पुन्हा कधी न भेटणारा परका आला.

दुसरे रूप पातळीच्या गटांतील होते. १० ते १९ या गटात पात्र मुद्दाम १९ व्या पातळीवर थांबवून, मोठ्या पात्राच्या पैशाने त्याला दुर्मिळ शस्त्रांनी मढवण्याची प्रथा पडली. अशा पात्राला 'ट्विंक' म्हणत. नियमाचे अक्षर पाळून त्याचा हेतू मोडण्याचा हा नमुना होय. २००९ मध्ये त्यावर तोड निघाली. रणांगणातही अनुभव-गुण मिळू लागले, त्यामुळे पात्र आपोआप पातळी चढू लागले. आणि ज्यांनी ही वाढ मुद्दाम बंद ठेवली त्यांना परस्परांशीच लढावे लागले. या निर्णयात ट्विंकांना हद्दपार केले नाही. त्यांची जोड त्यांच्याशीच लावली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तिसरे रूप संघटनेचे होते. परस्परांशी बोलत लढणारे दहा मित्र आणि रांगेतून गोळा झालेले दहा अपरिचित यांची संख्या समान असली तरी बळ समान नसते. चौथे रूप वेळेचे होते. मान-पदव्यांची चौदा पदे एकाच सर्व्हरवरील स्वपक्षीयांच्या साप्ताहिक चढाओढीतून ठरत. तेव्हा शत्रूला हरवण्यापेक्षा मित्रापेक्षा अधिक तास खेळणे महत्त्वाचे झाले. एकच खाते आळीपाळीने अनेकांनी चालवावे, किंवा सर्वोच्च पद कोणी केव्हा घ्यावे याविषयी आपसांत करार करावेत, असे प्रकार घडू लागले. डिसेंबर २००६ मध्ये ती पद्धत रद्द झाली.

५. समान आरंभाचा प्रयोग

याच सुमारास एका निराळ्या खेळाने प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. एप्रिल २००५ मध्ये अरिनानेट या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या 'गिल्ड वॉर्स'मध्ये पातळीची कमाल मर्यादा अवघी २० होती. जो केवळ सामनेच खेळू इच्छितो त्याला पहिल्याच दिवशी २० व्या पातळीचे पात्र तयार करता येई. शेकडो विद्यांपैकी कोणत्याही आठच विद्या घेऊन रणात उतरावयाचे, हा नियम सर्वांना सारखा होता. मंडळांचे सामने आठ विरुद्ध आठ असे होत आणि त्यांच्या निकालांवरून मंडळांची क्रमवारी लागे. थोडक्यात, सतरावे मोहरे येथे फारसे नव्हते. सोळा मोहरी कोणती निवडावी याचे मात्र स्वातंत्र्य होते.

संपत्ती अशा रीतीने दाराबाहेर ठेवताच चुरस निवडीकडे वळली. एखाद्या मंडळाने विद्यांचा अजिंक्य मेळ शोधला की थोड्याच दिवसांत सर्वत्र त्याचीच नक्कल होई, आणि संस्थेला त्या विद्यांचे बळ कमी-अधिक करावे लागे. परंतु राक्षसांशी लढताना निरुपद्रवी असलेली विद्या माणसांशी लढताना घातक ठरे, आणि सामन्यांच्या हितासाठी तिला लगाम घातला की एकट्याने कथा खेळणाऱ्याचे नुकसान होई. २००८ मध्ये काही विद्यांच्या दोन स्वतंत्र आवृत्त्या करण्यात आल्या : एक जगासाठी, एक सामन्यासाठी. एकाच नावाच्या एकाच मंत्राने दोन ठिकाणी दोन परिणाम करावेत, ही त्या जगाच्या एकात्मतेवर घातलेली घाव होती. पण न्याय्य सामन्याची ती किंमत होती.

२०१२ मध्ये आलेल्या 'गिल्ड वॉर्स २'ने दोन्ही तत्त्वे शेजारी-शेजारी नांदवली. त्याच्या आखीव सामन्यांत प्रत्येक पात्राला कमाल पातळी आणि समान सामग्री दिली जाई. दुसरीकडे तीन 'जगां'च्या महायुद्धात ज्याची त्याची कमाई त्याच्यासोबत येई. हे महायुद्ध दिवसाचे चोवीस तास चाले, म्हणून तेथे एक अनपेक्षित प्रश्न उद्भवला : एका बाजूचे लोक निजलेले असताना दुसऱ्या कालविभागातील शत्रू मोकळे किल्ले घेई. माणसांची एकूण संख्या समान असूनही पहाटे तीन वाजता ती समान नसे.

६. गुणांकन : बळ मोजण्याचा प्रयत्न

आरंभ समान करता येत नसेल, तर बळ मोजून समान बळाचे संघ एकत्र आणावेत, हा दुसरा मार्ग होय. त्याचे साधन बुद्धिबळाकडून आले. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांची गुणांकनपद्धती अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिचे तत्त्व सोपे आहे. दोघांच्या गुणांतील अंतरावरून अपेक्षित निकाल काढावयाचा : अंतर २०० असेल तर वरचढाची अपेक्षा सुमारे ७६ टक्के, ४०० असेल तर सुमारे ९१ टक्के. प्रत्यक्ष निकाल अपेक्षेहून जितका निराळा, तितके गुण हरणाऱ्याकडून जिंकणाऱ्याकडे जातात. दुबळ्याला हरवून फारसे काही हाती लागत नाही, आणि बलाढ्याकडून हरल्याने फारसे जात नाही.

जानेवारी २००७ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये आखाडे सुरू झाले. दोन, तीन किंवा पाच जणांच्या नोंदलेल्या संघांना १५०० गुणांपासून प्रारंभ करून एलोसदृश पद्धतीने गुण मिळू लागले. जोड लावण्याचे काम अशा रीतीने प्रथमच गणिताकडे आले. परंतु खेळाचा मूळ धर्म येथेही आड आला. आठवड्याला मिळणारे खर्चायचे गुण संघाच्या गुणांकनावर अवलंबून असत आणि त्यांतून शस्त्रे विकत घेता येत. त्याच वर्षीच्या अखेरीस सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वात तर उत्तम शस्त्र घेण्यास १८५० आणि स्कंधत्राण घेण्यास २००० गुणांची अट घालण्यात आली. जो जिंकत होता त्यालाच जिंकण्याचे साधन मिळू लागले. मोजमापाचा दंडच अशा रीतीने बक्षीस बनला, आणि बक्षीस बनलेल्या मोजमापाची विक्री सुरू झाली. वरच्या गुणांच्या संघातील जागा विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा प्रत्येक खेळाडूचे व्यक्तिगत गुणांकन वेगळे ठेवणे भाग पडले.

संघाच्या यशातून व्यक्तीचा वाटा काढणे मात्र सोपे नव्हते. एलो यांची पद्धती दोन व्यक्तींच्या लढतीसाठी होती. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी रचलेली आणि २००५ पासून त्या संस्थेच्या खेळसेवेत वापरलेली 'ट्रूस्किल' पद्धती या दिशेने पुढे गेली. तीत प्रत्येक खेळाडूचे बळ आणि त्या अंदाजातील अनिश्चितता असे दोन आकडे ठेवले जातात, आणि संघाची कामगिरी ही सभासदांच्या कामगिरीची बेरीज मानली जाते. परंतु संघ ही खरोखर बेरीज असते काय? वर्षभर एकत्र खेळलेले तिघे हे त्याच बळाच्या तीन अपरिचितांहून अधिक असतात, आणि हे 'अधिक' कोणत्याही एकाच्या नावावर मांडता येत नाही.

गुणांकनात न उतरणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अंतर. काचतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. सिडनीहून लॉस एंजेलिसला, म्हणजे सुमारे बारा हजार किलोमीटर, जाऊन परतण्यास त्याला आदर्श स्थितीतही १२० सहस्रांश सेकंद लागतात. प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक. शत्रूचा मंत्र पुरा होण्यापूर्वी तो तोडणे ज्या खेळात निर्णायक असते, तेथे दूरचा खेळाडू जणू एक पाऊल मागे उभा राहूनच लढतो. ऑस्ट्रेलियातील खेळाडूंसाठी त्यांच्याच देशात सर्व्हर ठेवण्यास २०१४ साल उजाडले.

७. कमाईचा हक्क

२००८ मध्ये ब्लिझर्डने आखाड्यांच्या स्पर्धेसाठी एक स्वतंत्र सर्व्हर उघडला. तेथे कमाल पातळीचे पात्र आणि उत्तम सामग्री प्रत्येकाला आयती मिळे. खरोखरीची स्पर्धा घ्यावयाची तर खेळाच्या जगातून बाहेर पडले पाहिजे, याची ही जवळजवळ कबुलीच होती. ऑगस्ट २०१६ मधील 'लीजन' आवृत्तीने हेच तत्त्व मुख्य खेळात आणले. आखाड्यात व रणांगणात शिरताच प्रत्येक पात्राचे बळ त्याच्या प्रकारासाठी ठरवलेल्या साच्याप्रमाणे निश्चित होई. कमावलेल्या सामग्रीचा लाभ मिळे, पण अल्प.

समतेचा हा बहुधा सर्वांत व्यापक प्रयोग होता, आणि तो अवघी दोन वर्षे टिकला. २०१८ मधील पुढच्या आवृत्तीत साचे रद्द होऊन सामग्रीला पूर्वीचे महत्त्व परत मिळाले. महिनोन् महिने खपून मिळवलेली तलवार दारातच काढून घेतली जाते, आपले पात्र आपलेसे राहत नाही, अशी अनेकांची तक्रार होती. ती केवळ स्वार्थी नव्हती. तिच्यामागे न्यायाची एक वेगळी कल्पना होती : सर्वांचा आरंभ समान असावा हा जसा न्याय, तसा श्रमाचे फळ श्रम करणाऱ्याजवळ राहावे हाही न्यायच. पहिली कल्पना क्रीडांगणातून येते, दुसरी संसारातून. आणि भूमिकाप्रधान खेळ हा संसाराचेच प्रतिरूप असल्यामुळे त्यात दुसरीचा आवाज कधीच बंद पडत नाही.

८. निष्ठा आणि सोबत

रांगेतील विषमतेवर उपाय म्हणून सप्टेंबर २०१५ मध्ये भाडोत्री सैनिकाची योजना आली. ज्याच्या पक्षाला फार थांबावे लागते त्याने तात्पुरते प्रतिपक्षाचे रूप घेऊन लढावे, अशी मुभा मिळाली. २०२२ मध्ये दोन्ही पक्षांच्या खेळाडूंना एकाच संघात आखाड्यात उतरण्याची परवानगी देण्यात आली. ज्या वैरासाठी २००५ मध्ये साउथशोरच्या माळावर लोक रात्री जागवीत होते, ते वैर सामन्याच्या सोयीसाठी बाजूला ठेवले गेले.

त्याच २०२२ च्या अखेरीस 'सोलो शफल' ही पद्धत गुणांकित स्वरूपात आली. तीत सहा अपरिचित एकत्र येतात : चार प्रहार करणारे आणि दोन जखमा भरून काढणारे, ज्यांना खेळाडू 'हीलर' म्हणतात. तिघांचे दोन संघ करून सहा फेऱ्या होतात आणि दर फेरीला संघ बदलतात. यामागचे गणित नेटके आहे. चौघांतून दोघे निवडण्याच्या रीती सहाच आहेत; ते दोघे एका हीलरला दिले की उरलेले दोघे दुसऱ्याकडे जातात. म्हणून सहा फेऱ्यांत प्रत्येक प्रहारकर्ता प्रत्येक हीलरबरोबर तीनदा आणि इतर प्रत्येक प्रहारकर्त्याबरोबर दोनदा लढतो. ज्याच्यामुळे पहिली फेरी हरली असे वाटते, तोच पुढच्या एखाद्या फेरीत प्रतिपक्षात असतो. 'वाईट सोबती मिळाले' ही सबब यात बव्हंशी उरत नाही.

संघातील व्यक्तीचे बळ वेगळे काढण्याची याहून चोख रीत आजवर या खेळांत झालेली दिसत नाही. परंतु तिची अट अशी की, संघ कोणाचाच असू नये. जे सहाही फेऱ्या एकमेकांबरोबर आणि एकमेकांविरुद्ध लढले ते त्या संपताच पांगतात. आणि यंत्राला माणसे निर्माण करता येत नाहीत. हीलर कमी असल्यामुळे प्रहार करणाऱ्यांची रांग लांबली, आणि हीलरांना आमिषे देण्याची वेळ आली. २०२४ मध्ये एकेकट्यांना घेऊन आठ विरुद्ध आठ अशा गुणांकित रणांगणांची भर पडली, हे या मार्गाच्या लोकप्रियतेचेच द्योतक होय.

९. समारोप

एकूण वृत्तान्त पाहता असे दिसते की, तुल्यबळ सामना ही या जगांत आपोआप घडणारी गोष्ट नाही. ती जगापासून तोडून, कुंपण घालून घडवावी लागते. प्रत्येक कुंपणाने एक विषमता बाहेर ठेवली आणि आतली दुसरी उघडी केली. संमतीने संख्येचा प्रश्न पुढे आणला, संख्येने संपत्तीचा, संपत्तीने निवडीचा, आणि गुणांकनाने सोबतीचा. या मालिकेला शेवटची पायरी नाही; कारण बळाच्या सर्व कारणांचा निरास केल्यावर लढणारा म्हणून जो उरतो, त्याला त्या जगात येण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून व्यवस्थेच्या यशाची कसोटी पूर्ण समता ही असू शकत नाही. हरलेल्याला आपला पराभव आपला वाटतो काय, हीच ती कसोटी होय. लालनाम्यांच्या टोळीने लुटलेल्या नवख्याला तो तसा वाटला नाही, आणि ट्विंकाने मारलेल्यालाही वाटला नाही. कॅमेलॉटच्या सीमेवर आठांशी लढून पडलेल्या आठांना मात्र तो वाटत असावा. तेथे पातळीचे गट नव्हते, गुणांकन नव्हते, साचे नव्हते. तिसरी टोळी लढत संपेपर्यंत टेकडीवर थांबून राहिली होती एवढेच. यंत्राने जोड लावता येते, हे पुढील वीस वर्षांनी सिद्ध केले. परंतु लागलेली जोड दोन्ही बाजूंनी मानली जाणे ही गोष्ट त्या टेकडीवरच्या आठांच्या हाती होती, आणि अद्यापही ती तशीच माणसांच्या हाती आहे.